ज्याच्या हाती मूल, तो पालक?

‘आपलंच मूल आपण नेलं, त्यात पळवलं कसं?’ निगडी-प्राधिकरणात हे वाक्य आता इतक्या वेळा कानावर येतं की त्याला म्हणीचं रूप येत चाललंय. सोसायटीच्या मीटिंगनंतर, कंपनीच्या बसमध्ये, भक्ती-शक्ती चौकातल्या चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोडत्या संसाराची गोष्ट निघते आणि कुणीतरी शहाणा हे वाक्य टाकून विषय मिटवतो. बाकीचे माना डोलावतात. चहा संपतो. ज्या मुलाबद्दल हे बोलणं चाललेलं असतं, ते तेव्हा हजार-दीड हजार किलोमीटरवर, आपल्याला न येणाऱ्या भाषेच्या शाळेत बसलेलं असतं. त्याचं मत विचारायला टपरीवर कुणाला वेळ नसतो.

या मताचा सबंध ऐवज एकदा नीट मांडून घेऊ, म्हणजे अन्याय केला असं कुणी म्हणायला नको. मूल आईबापांचं. नवरा-बायकोचं बिनसलं की दोघांपैकी कुणीतरी ते घेऊन जाणारच. आई माहेरी नेईल, बाप आजी-आजोबांकडे नेईल, म्हणजे शेवटी घरातच. ते घर सांगलीत असो की समस्तीपुरात, देश एकच आहे, कायदा एकच आहे, कोर्टं सगळीकडे आहेत. मूल लहान असतं, रुळतं. अगदीच गळ्याशी आलं तर हायकोर्ट आहे. त्यामुळे परराज्यात नेलेल्या मुलाचा वेगळा असा प्रश्नच नाही. प्रश्न असलाच तर तो अमेरिकेतल्या, लंडनमधल्या मुलांचा. त्यांच्यासाठी सरकार समित्या नेमतं, वर्तमानपत्रं अग्रलेख लिहितात.

ऐकायला किती समजूतदार वाटतं! यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि जे एखादं खरं आहे ते मुलाच्या विरोधात जातं.

आधी हे बघू की हा प्रश्न निगडीत का बोलायचा. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. 2011 मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. ही माणसं इथल्या पाळण्यांतून आलेली नाहीत. मराठवाड्यातून आली तशीच बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटक, केरळ, मध्य प्रदेशातूनही आली. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली 1954 मध्ये, प्राधिकरण स्थापन झालं 1972 मध्ये, मग कारखानदारी भोसरीवरून चाकणपर्यंत पसरली आणि शेजारच्या दाराची पाटी दर मजल्यावर वेगळ्या राज्यातली दिसू लागली. अशा गावात लग्न मोडतं तेव्हा ते दोन पेठांत मोडत नाही, दोन राज्यांत मोडतं. इथं हा अपवाद नाही, रोजचा व्यवहार आहे.

समजा, यमुनानगरात एक जोडपं राहतं. उदाहरण कल्पित आहे, पण असं घर शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. नवरा चाकणच्या वाहन कारखान्यात, मूळचा दरभंग्याचा. बायको तळवड्याच्या आयटी कंपनीत, मूळची हुबळीची. मुलगा सहा वर्षांचा, निगडीतल्या शाळेत पहिलीत. घरात धुसफूस आहे. छठपूजेच्या सुट्टीला बाप मुलाला घेऊन दानापूर एक्स्प्रेसने गावी जातो आणि कामावर एकटाच परत येतो. मूल आजीपाशी राहिलं म्हणतो. पंधरा दिवसांनी कळतं की त्याचं नाव तिथल्या शाळेत घातलंय.

आता त्या शहाण्याला विचारा, पळवलं की नाही?

फौजदारी कायद्याच्या हिशेबाने, नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये अमरावतीतल्या एका पित्यावरचा अपहरणाचा गुन्हा रद्द केला. कोर्टाने मनाई केलेली नसेल तर नैसर्गिक पालक असलेला बाप आपल्याच मुलाला घेऊन गेला, हा अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. कायद्याच्या अक्षराला धरून निकाल ठीक आहे. आईबापांना अशा भांडणात तुरुंगात पाठवावं असं माझंही म्हणणं नाही. पण आपल्या शहाण्यांनी त्यातून काढलेला अर्थ बघा: गुन्हा नाही, म्हणजे चूक नाही. ही कुठली तर्कपद्धती? शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरणं हाही गुन्हा नाही. गुन्हा नसलेल्या पण मुलाचं आयुष्य उलटंपालटं करणाऱ्या कृत्यासाठी दिवाणी कायद्याकडे चटकन चालणारा उपाय हवा, इतकं साधं हे म्हणणं आहे. तो उपाय नाही. पोलिस चौकीत त्या आईला सांगतात, ‘मॅडम, घरगुती मामला आहे, कोर्टात जा.’ ती विचारते, ‘कुठल्या कोर्टात?’ इथे चौकी गप्प होते. आणि खरं सांगायचं तर कायद्याची पुस्तकंही गप्प होतात.

कारण ‘देश एक, कायदा एक’ हा मुद्दा क्रमांक दोन, आणि तो सगळ्यात पोकळ आहे. मुलाच्या ताब्यासाठी 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सांगतो की मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या कोर्टात जा. आई म्हणणार, निगडीत राहतं, म्हणजे शिवाजीनगरचं पुण्याचं कौटुंबिक न्यायालय. बाप म्हणणार, सहा महिने दरभंग्यात शाळेत जातंय, तर तिथलं. हिंदू विवाह कायद्यात 2003 च्या दुरुस्तीने बायकोला ती जिथे राहते तिथे अर्ज करता येतो, आणि त्याच खटल्यात मुलाच्या ताब्याचा आदेशही मागता येतो. म्हणजे ती माहेरी गेली असती तर हुबळीही खुली होती. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तर स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यालाही मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार देतो. यातली प्रत्येक तरतूद स्वतंत्रपणे शहाणपणाची आहे. तिन्ही एकत्र आल्या की एका पोरासाठी तीन राज्यांत तीन दारं उघडतात, आणि आधी कुठल्या दारातून जायचं हे सांगणारा नियम एकही नाही.

दोन ठिकाणी अर्ज झाले तर काय करायचं, याचा विचार 1890 च्या कायद्याने केला होता, हे मान्य करायला हवं. त्याचं कलम 14 उघडून बघा. पालक नेमण्याचे अर्ज एकाहून जास्त कोर्टांत आले तर प्रत्येक कोर्टाने दुसऱ्याची माहिती मिळताच आपलं काम थांबवावं. दोन्ही कोर्टं एकाच उच्च न्यायालयाखाली असतील तर उच्च न्यायालय ठरवेल. आणि नसतील तर? तर त्या कोर्टांनी आपापल्या राज्य सरकारला कळवावं आणि सरकारकडून येतील त्या आदेशांप्रमाणे वागावं. वाचलंत ना? पुण्याचा न्यायाधीश मंत्रालयाला विचारणार, दरभंग्याचा न्यायाधीश पाटण्याच्या सचिवालयाला विचारणार, आणि दोन सरकारं मिळून ठरवणार की पहिलीतलं पोर कुठल्या कोर्टापुढे उभं राहील! इंग्रजांनी लिहिलेलं हे कलम स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं उलटली तरी पुस्तकात आहे. तेही फक्त पालक नेमण्याच्या अर्जांपुरतं. एकीकडे घटस्फोटाचा खटला आणि दुसरीकडे हिंसाचाराचा अर्ज असेल तर त्याचाही उपयोग नाही.

मग खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा तर जायचं थेट दिल्लीला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा. लाखो माणसांच्या या देशव्यापी भांडणांसाठी खिडकी एकच. नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनीच सांगितलं होतं की वैवाहिक खटले हलवण्याचे सुमारे 3000 अर्ज तुंबले आहेत; म्हणून प्रत्येक खंडपीठाने रोज असे दहा अर्ज घ्यावेत असं ठरवावं लागलं. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने घटना बाजूला ठेवून रोज सकाळी कुठला खटला कुठल्या गावी चालेल याची वाटणी करत बसायचं, आणि आपण म्हणायचं, देश एकच आहे, अडचण कसली?

तुलनाच करायची तर ज्या अमेरिकेतल्या मुलांची आपल्याला इतकी काळजी, तिथे बघा. तिथे राज्यागणिक कौटुंबिक कायदा वेगळा. एके काळी तिथलेही पालक मूल उचलून शेजारच्या राज्यात जायचे आणि सोयीच्या कोर्टातून आदेश आणायचे. त्यांनी 1968 मध्ये एक समान मसुदा केला, 1980 मध्ये संघराज्याचा कायदा केला, 1997 मध्ये मसुदा सुधारला. मॅसॅच्युसेट्स सोडून बाकी सगळ्या राज्यांनी तो स्वीकारला. त्याचं सार दोन ओळींत येतं: खटल्याआधीचे सहा महिने मूल जिथे राहत होतं त्या राज्याचं कोर्ट पहिलं, दुसऱ्या राज्याच्या कोर्टाने आधी त्याच्याशी बोलायचं. पन्नास कायदे असलेल्या देशाने एक नियम केला. एक कायदा असलेल्या देशाला तो करता आलेला नाही.

तिसरा मुद्दा, माझा सगळ्यात नावडता: ‘मूल लहान असतं, रुळतं.’ हो, रुळतं. दुर्दैवाने रुळतं. आणि त्याचं ते रुळणंच पुढे कोर्टात त्याच्याविरुद्धचा पुरावा होतं. ज्याने नेलं त्याने फक्त वेळ काढायचा असतो. एक तारीख वकील आजारी, एक तारीख संप, एक तारीख उन्हाळी सुट्टी. दीड वर्ष गेलं की तोच माणूस कोर्टाला म्हणणार, ‘मुलाचं इथे बस्तान बसलंय, आता त्याला हलवणं त्याच्या हिताचं नाही.’ आणि न्यायाधीशाला ते मान्य करावं लागतं, कारण तोवर ते खरं झालेलं असतं. वयाच्या 35 व्या दिवशी आईने अमेरिकेतून भारतात आणलेल्या एका मुलाचा वाद सर्वोच्च न्यायालयात 1997 मध्ये संपला. मुंबई उच्च न्यायालयाने ताबा बापाला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आईकडे ठेवला. मुलगा तोवर बारा वर्षांच्या पुढे गेला होता. न्यायालयाने दुसरं करायचं तरी काय होतं? निकाल बरोबर असेल, पण तो देण्याआधीच एक बालपण संपून गेलं होतं. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी रानातल्या न्यायासाठी केली होती, कौटुंबिक न्यायालयासाठी नव्हे. आपली व्यवस्था मात्र तिच्यावरच चालते.

चौथा मुद्दा वजनदार आहे, आणि तो मांडणारे टपरीवरचे शहाणे नाहीत, बायकांसाठी खस्ता खाणारे कार्यकर्ते आहेत. ते म्हणतात, ‘मूल जिथे राहत होतं तिथलंच कोर्ट’ असा नियम केलात की मार खाऊन माहेरी पळालेल्या बाईला पुन्हा सासरच्या गावात तारखांना खेचाल. भीती खोटी नाही. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. कोर्ट कुठलं, हा एक प्रश्न. मूल कुणाकडे, हा दुसरा. आणि बाईचं संरक्षण, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर नक्की केलं म्हणून उरलेल्या दोघांचं ठरून जात नाही. जीव वाचवायला पळालेल्या आईला ती जिथे आहे तिथे संरक्षण आणि मुलाचा तात्पुरता ताबा मिळालाच पाहिजे. 2005 च्या कायद्यात तो आहे आणि तो राहावा. अमेरिकी मसुद्यातही अशा तातडीच्या अधिकाराची सोय आहे. उरली तारखांची ये-जा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी मार्चमध्ये अशा खटल्यांत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला दार उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये बहुमताने ते बरंचसं लोटून घेतलं. त्यानंतर कोरोना आला, आणि सगळी कोर्टं व्हिडिओवर चालू शकतात हे सगळ्या देशाने बघितलं. म्हणजे मार खाल्लेल्या बाईला प्रवास न करता साक्ष देता येते. मग नियम न करण्याचं कारण काय उरलं?

शिवाय नियम नसण्याचा फायदा बायकांना होतो, हे कुणी ठरवलं? वरच्या उदाहरणातली आई निगडीत आहे आणि मूल दरभंग्यात. नागपूर खंडपीठापुढच्या प्रकरणात मूल बापाने नेलं होतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं 1956 चा कायदा म्हणतो. पण ते मूल आधीच आजोबांच्या गावी पोचलं असेल आणि आईकडे ना तिथली भाषा, ना वकील, ना पंधरा दिवसांची रजा, तर ते कलम तिने कुणापुढे वाचायचं? नियम नसला की जिंकतो तो पैसेवाला, गावात वट असलेला आणि आधी गाडीत बसलेला. या तिघांत बाई किती वेळा असते, हे कार्यकर्त्यांनीच मोजून सांगावं.

पाचवा मुद्दा, हायकोर्ट. ‘हेबियस कॉर्पस टाका, मूल आठवड्यात कोर्टासमोर!’ ज्यांनी ते कधी टाकलेलं नाही ते हे सांगतात. मुंबईत टाकायचं की पाटण्यात, इथपासून सुरुवात. वकिलाची फी हा त्यापुढचा धडा. आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की हा असाधारण उपाय आहे. ताबा बेकायदा असेल तेव्हाच तो वापरायचा, आणि सविस्तर चौकशी लागणार असेल तर पक्षकारांना दिवाणी कोर्टात पाठवायचं. म्हणजे फिरून शिवाजीनगर. चाकणच्या लाइनवर कंत्राटी काम करणाऱ्या माणसाला हा उपाय सुचवणं म्हणजे पाणी नसलेल्या वस्तीला बाटलीबंद पाण्याची जाहिरात दाखवणं.

राहता राहिली परदेशातली मुलं. त्यांच्यासाठी विधी आयोगाचा 2009 चा 218 वा अहवाल, 2016 चा 263 वा अहवाल, मग न्यायमूर्ती राजेश बिंदल यांची समिती, तिचा 2018 चा अहवाल. 1980 च्या हेग करारावर सही करायची की नाही, यावर इतकी शाई. ती खर्चू नये असं मी म्हणत नाही. पण देशातल्या देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मुलांसाठी काय आहे? पालकत्व आणि ताब्याच्या कायद्यांवर विधी आयोगाने 2015 मध्ये 257 वा अहवाल दिला, संयुक्त ताब्यापासून भेटीच्या वेळांपर्यंत मार्गदर्शन सुचवलं. त्याचा कायदा झालेला नाही. विमानाने गेलेलं मूल राष्ट्रीय प्रश्न आणि रेल्वेच्या जनरल डब्यातून गेलेलं मूल घरगुती मामला, हा भेद करणारं आपलं मन समजून घ्यायला मला फार कष्ट पडत नाहीत. विमानवाल्यांचे नातेवाईक आपल्यात असतात.

‘मग मोठ्यांनी बसून मिटवावं, कोर्टात कशाला?’ असा शेवटचा आवाज येतोच. बसा की! कौटुंबिक न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यात समेटाचा प्रयत्न हे कोर्टाचं कर्तव्यच आहे, समुपदेशकही आहेत. पण समेटाला दोन बाजू लागतात, आणि मूल ज्याच्या हातात आहे त्याला समेट कशाला हवाय? त्याला हवं ते मिळालेलं आहे. समोरच्याच्या हाती काहीतरी कायदेशीर वजन असेल तेव्हाच माणूस बोलायला बसतो. आज ते वजन शून्य आहे. कोर्टाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय मूल हद्दीबाहेर नेलं तर 1890 च्या कायद्यात शिक्षा आहे: 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. 1890 मध्ये हजार रुपयांत वाडा आला असता. आज प्राधिकरणातल्या शाळेच्या गणवेशाला ते पुरत नाहीत. आणि ही शिक्षाही आईबापांना लागत नाही, कारण त्यांना कुणी नेमलेलं नसतं, ते नैसर्गिक पालक!

काय हवं, ते आता साध्या शब्दांत सांगतो. एक, मूल शेवटचे सहा महिने जिथे राहिलं आणि शिकलं तिथलं कोर्ट पहिलं. एकाने न विचारता दुसरीकडे नेलं म्हणून ते ठिकाण बदलणार नाही. दोन, हिंसाचाराच्या प्रसंगी जिथे आहात तिथे तातडीचं संरक्षण आणि तात्पुरता ताबा, पण अंतिम फैसला पहिल्या कोर्टात. तीन, कलम 14 मधली सरकारांना विचारण्याची थट्टा बंद. दोन कोर्टांनी, आणि नाही जमलं तर दोन उच्च न्यायालयांनी, ठरावीक दिवसांत आपसात ठरवावं. चार, अर्ज दाखल झाला की कुणाही पालकाने परवानगीशिवाय मूल राज्याबाहेर नेऊ नये, आणि मोडल्यास दंड आजच्या पैशांत. पाच, पहिल्या तारखेलाच दुसऱ्या पालकाशी बोलण्याचा आणि भेटीचा आदेश, आणि भेटीच्या प्रवासाचा खर्च दूर नेणाऱ्याकडून. हे शेवटचं माझ्या मनचं नाही. आईबाप वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर मुलाला दुसऱ्या पालकाशी रोज पाच-दहा मिनिटं तरी बोलता यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच म्हटलं आहे. म्हणून झालं. अंमलबजावणी प्रत्येकाने आपापल्या वकिलाच्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायची.

यातल्या एकाही मागणीला घटनादुरुस्ती लागत नाही, आंतरराष्ट्रीय करार लागत नाही, मोठा पैसा लागत नाही. 1890 च्या कायद्यातल्या चार-दोन कलमांची दुरुस्ती आणि उच्च न्यायालयांचे नियम एवढ्यावर काम भागतं. मावळ आणि शिरूरच्या खासदारांनी संसदेत उभं राहून हे मागावं. ज्या गावाने देशभरातली माणसं कारखान्यांसाठी बोलावून घेतली, त्या गावाने त्यांच्या मुलांसाठी पहिला आवाज काढणं ही मेहेरबानी नाही, देणं आहे. आणि तोवर निगडीकरांनी एक करावं. पुढच्या वेळी कुणी ‘आपलंच मूल आपण नेलं’ असं म्हणालं की मान डोलावू नये. तोंडावर सांगावं: मूल आईबापांच्या मालकीचं नसतं, म्हणून ते आधी नेणाऱ्याचंही होत नाही.